तळघरातला पेंटबॉल

शनिवार, १० जानेवारी

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये हिवाळ्यात पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करण्याचा खेळ, खेळता येत नाही असे नाही, परंतु मनासारखा खेळता येत नाही. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि आत पाण्याने धुऊन निघणारा रंग असतो. थंडीत हे कवच ठिसूळ होते आणि समोरच्याच्या अंगावर फुटायची गोळी आपल्याच नळीत फुटते. गोळी ढकलण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची टाकी वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते, कारण टाकीतल्या द्रवाचा वायू होण्यासाठी उष्णता लागते आणि हवा गार पडली की टाकीतला दाबही उतरतो. आम्ही दाबलेल्या हवेची टाकी वापरतो, त्यामुळे तो त्रास नाही. पण मैदानावर गुडघाभर बर्फ साचलेले असताना धावायचे कुठे आणि घसरत आडोशामागे जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून थंडीचे महिने माझा आणि लेकीचा सराव नॅशुआतल्या आमच्या घराच्या तळघरात चालतो. दर हिवाळ्यात माझे एक मत अधिक पक्के होत चालले आहे, की ह्या खेळातला जो भाग खेळाडूला खऱ्या अर्थाने घडवतो तो एकही गोळी न झाडता शिकता येतो आणि हातात गोळ्या नसतानाच तो अधिक नीट शिकला जातो.

ह्या मताला आमच्या राज्यातच एक जुना आधार आहे. पेंटबॉलचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी इथून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्झी ह्या तिघांच्या डोक्यातून तो निघाला होता आणि एकूण १२ जण त्यात उतरले होते. प्रत्येकाच्या हातात नेल्स्पॉट ००७ हे मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, होते. तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या जनावरांवर लांबून रंगाची खूण करता यावी, यासाठी ते बनवलेले होते. जंगलात ठेवलेले झेंडे गोळा करून सुखरूप बाहेर पडायचे होते. जिंकले रिची व्हाइट. ते जंगलाच्या कामातले, झाडीत वावरण्याची सवय असलेले गृहस्थ होते, आणि त्यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही चाप ओढला नाही. ते कोणाला दिसलेच नाहीत. आज स्पर्धांचा पेंटबॉल फुगवलेल्या आडोशांच्या मोकळ्या मैदानावर, पाच विरुद्ध पाच असा, काही मिनिटांत आटोपणारा झाला आहे आणि हवेत गोळ्यांचा अक्षरशः पाऊस असतो. तरीही स्वतःला किती कमी दाखवावे ही विद्या तेव्हाइतकीच मोलाची राहिली आहे, असे मला मनापासून वाटते.

सराव सुरू करण्यापूर्वीचे नियम आमच्याकडे कडक आहेत आणि ते इथे सविस्तर लिहिते, कारण घरातला सराव ह्याच ठिकाणी धोक्याचा होऊ शकतो. मार्कर घरात आणण्याआधीच हॉपर, म्हणजे त्यावर बसणारा गोळ्यांचा डबा, काढायचा, नळीच्या मागच्या कप्प्यात गोळी अडकलेली नाही हे उजेडात डोळ्यांनी पाहायचे, टाकी उतरवायची आणि आत उरलेली हवा बाहेर मोकळ्या जागेत, नळी जमिनीकडे धरून सोडून द्यायची. हे सगळे होईपर्यंत दोघींच्याही तोंडावर मास्क असतो. नळीवरची कापडी टोपी मात्र तळघरातही काढायची नाही. मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. सुमारे तीन ग्रॅमची गोळी ह्या वेगाने अंगावर बसली तर वळ उठतो आणि ओसरतो. पण उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. दुसरी काळजी शेजाऱ्यांची. लांबून पाहणाऱ्याला मार्कर आणि खरे शस्त्र ह्यांतला फरक कळत नाही. म्हणून तळघराच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात आणि गाडीपासून घरापर्यंत मार्कर बंद पिशवीतूनच येते. हे नियम लेकीला मी समजावले, आता बारीक चूक झाली तर तीच मला थांबवते.

बुधवार, २१ जानेवारी

आज संपूर्ण वेळ दाराच्या चौकटीपाशी गेला. खेळात ज्याला स्नॅप शूटिंग म्हणतात, म्हणजे आडोशाआडून क्षणभर बाहेर येऊन एक-दोन गोळ्या झाडायच्या आणि पुन्हा आत जायचे, त्याच्या सरावासाठी घरातल्या दाराच्या चौकटीइतके चांगले साधन दुसरे नाही. समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीने मास्कच्या आकाराचा चौकोन केलेला आहे. चौकटीपासून हातभर मागे उभे राहायचे, नळीचे टोक आधीच त्या चौकोनाच्या रोखाने धरायचे, मग कमरेतून कलून बाहेर यायचे. पाय हलता कामा नयेत. बाहेर आल्यावर नेम शोधत बसणे म्हणजे समोरच्याला वेळ देणे, म्हणून नेम आतच ठरलेला असला पाहिजे आणि बाहेर येताक्षणी नळी, डोळा आणि चौकोन एका रेषेत यायला हवेत.

चौकटीला चिकटून न उभे राहण्याचे कारण नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. आडोशाला अंग टेकवून उभे राहिले की सुरक्षित वाटते, पण मग नळी आणि कोपर वळवायला जागाच उरत नाही, आणि बाहेर डोकावताना नळीचे टोक आडोशाच्या पुढे जाऊन आपण कोणत्या बाजूने येणार हे समोरच्याला आधीच सांगून टाकते. थोडे मागे राहिले तर दिसणारा कोन अरुंद होतो, पण तेवढाच समोरच्याचा कोनही अरुंद होतो आणि हालचाल मोकळी राहते.

लेकीने आज चौकोनाच्या जागी फोन ठेवला आणि एकमेकींचे चित्रण केले. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहायचे असेल तर ह्याहून सरळ उपाय नाही. चित्रण सावकाश चालवले की शरीर कोणत्या क्रमाने बाहेर येते ते स्पष्ट दिसते: आधी हॉपरची कड, मग नळी, मग मास्कचा अर्धा भाग, आणि त्याच्या पाठोपाठ खांद्याच्या रेषेबाहेर वर उचलले गेलेले कोपर. हॉपरवर किंवा मार्करवर गोळी फुटली तरी खेळाडू बाद धरतात, त्यामुळे अंग झाकले आणि हॉपर दिसत राहिला तर उपयोग नाही. आम्ही मार्कर थोडे तिरके करून पाहिले. हॉपर आडोशाच्या बाजूला कलला आणि चित्रात त्याची कड जवळजवळ दिसेनाशी झाली. कोपर खाली, बरगड्यांकडे घेतले की खांदा आपोआप आत जातो. मास्कची एक काच आणि नळीचे तोंड, एवढेच दिसायला हवे. लेकीचे एक चित्रण तसे निघाले तेव्हा आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहिले. तिच्या शरीराचा एवढासा भाग बाहेर आला होता आणि तोही पापणी लवेपर्यंत परत गेला होता.

उरलेला वेळ डाव्या हाताचा. आडोशाच्या उजव्या बाजूने बाहेर यायचे असेल तर मार्कर उजव्या हातात आणि डोळा उजवा. डाव्या बाजूने यायचे असेल तर दोन्ही डावे. उजव्या हाताने डावीकडून डोकावणाऱ्याला अर्धी छाती बाहेर काढावी लागते. हे वाचून कळते, पण हातात उतरत नाही, कारण डाव्या हाताच्या बोटांना चापावरचा दाब माहीत नसतो आणि डावा डोळा नळीवरून पाहायला राजी नसतो. म्हणून हिवाळ्यात आमचे प्रमाण ठरलेले आहे: उजव्या हाताचा सराव जेवढा, त्याच्या दुप्पट डाव्या हाताचा. हात बदलण्याची क्रिया वेगळी करावी लागते. मार्कर छातीशी घ्यायचे, मागचा हात पुढे सरकतो, पुढचा मागे येतो, टाकीचे बूड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, आणि हे घडत असताना नजर भिंतीवरून हटत नाही. मी हे जेवण शिजत असताना वर स्वयंपाकघरातसुद्धा रिकाम्या हातांनी करते. अंगवळणी पडायला दुसरा मार्ग नाही.

हा सगळा सराव मास्क लावूनच. मास्कमध्ये बाजूचे कमी दिसते, स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा येतो, गाल नळीच्या जवळ येत नाही, त्यामुळे मास्कविना बसवलेला नेम मैदानावर परका वाटतो. तळघर गार आणि श्वास गरम, म्हणून साध्या काचेवर वाफ धरते. दुहेरी काचेचा मास्क त्यासाठी घेतला आहे आणि तो मऊ कापडानेच पुसायचा असतो.

रविवार, १ फेब्रुवारी

धावत्या खेळाडूला टिपण्याचा सराव घरात होणार नाही असे मला पूर्वी वाटे. आज कागद घेऊन लेकीबरोबर बसले आणि त्यातला बराच भाग डोक्याचा आहे हे दोघींनाही उमगले. गोळी नळीतून सेकंदाला ९० मीटरच्या आसपास निघते, पण ती गोल, हलकी आणि १७ मिलिमीटर जाडीची असल्याने हवा तिला फार लवकर रोखते. सामान्य हिशेबाने ४० मीटर अंतर कापायला तिला अर्ध्या सेकंदाहून बराच अधिक वेळ लागतो. तेवढ्यात सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू तीन-चार मीटर पुढे निघून जातो. म्हणजे जिथे तो दिसतो तिथे झाडलेली गोळी नेहमी त्याच्या मागेच पडणार. म्हणूनच डाव सुरू होताच मैदानावर जाणकार खेळाडू माणसावर नेम धरत नाहीत. दोन आडोशांमधली ज्या वाटेने धावणारा जाणार ती वाट ते निवडतात आणि तिथे गोळ्यांची एक अखंड रांग आधीच सोडून ठेवतात. धावणारा स्वतः त्या रांगेत शिरतो.

माझ्या शाळेत, सांगलीला, खो-खोमध्ये हेच शिकवले जाई. धावणाऱ्याच्या पाठीमागे हात लांबवून गडी मिळत नाही; तो खांबाला कुठून वळणार हे हेरून तिथे सूर मारावा लागतो. बसल्या जागेवरून एका झटक्यात उठून धावणे, खाली वाकून वेगात वळणे, हेही तिथलेच, आणि आडोशामागे उकिडवे बसून राहण्याची माझ्या गुडघ्यांची तयारी त्या मैदानावरची आहे. लेकीला मी तळघराच्या भिंतीला तोंड करून उकिडवे बसवते आणि टाळी वाजली की वळून पहिली तीन पावले टाकायला सांगते. जागा तेवढीच आहे. पण डावाच्या आरंभी पहिली तीन पावले ठीक पडली नाहीत तर पुढची धाव सावरत नाही, त्यामुळे ह्या तुकड्यावर खर्च केलेला वेळ पुरेपूर वसूल होतो.

पॉड, म्हणजे जादा गोळ्यांचे नळकांडे, भरण्या-ओतण्याचा सरावही आज केला. हॉपरमध्ये सुमारे २०० गोळ्या मावतात आणि कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या पॉडमध्ये १४०. गोळ्या संपत आल्या की मागे न पाहता हाताने पॉड ओढायचा, अंगठ्याने झाकण उघडायचे, हॉपरच्या तोंडावर उलटा धरायचा आणि रिकामा पॉड टाकून देऊन हात पुन्हा मार्करवर आणायचा. खऱ्या गोळ्या तळघराच्या दमटपणात फुगतात आणि बिघडतात, म्हणून मी काचेच्या गोट्या वापरते. त्या आकाराने गोळीच्या जवळच्या असतात. वजनाने मात्र जड असतात, त्यामुळे भरलेला पॉड खऱ्यापेक्षा भारी लागतो, आणि चालू हॉपरमधले फिरते भाग त्यांनी मोडतील म्हणून एक जुना, मोटर काढलेला हॉपर फक्त ह्याच कामासाठी ठेवला आहे. खाली जुनी सतरंजी अंथरते. फरशीवर सांडलेल्या गोट्यांवरून पाय घसरला तर खेळाचा हंगामच जाईल. ओतत असताना डोळे भिंतीवरच्या चौकोनावर असावेत, अशी लेकीची अट आहे आणि ती योग्यच आहे, कारण हॉपरमध्ये पाहत असताना समोरचा आडोसा बदलून जातो.

शेवटी हाकांचा सराव. कोण कुठे आहे, कोण बाद झाले, कोणाच्या गोळ्या संपत आल्या, हे मास्कमधून ओरडून सांगावे लागते, आणि गोळ्यांच्या फटफटाटात चार शब्दांचे वाक्य कोणाला ऐकू येत नाही. आम्ही मैदानाचा नकाशा भिंतीवर लावला आहे. एका बाजूला जमिनीलगतच्या आडोशांची लांबलचक रांग, म्हणजे स्नेक, दुसऱ्या बाजूला डोरिटो म्हणतात ते त्रिकोणी आडोसे, मध्ये उभे आडोसे. एक जण बोट ठेवते, दुसरी क्षणात हाक देते. दोघी शेजारी खेळत असलो तर मराठीत हाका देता येतील आणि समोरच्यांना काही कळणार नाही, असे लेकीने सुचवले होते. विचार चांगला होता, पण संघातल्या उरलेल्या तिघांनाही ते कळणार नाही, आणि ज्याला हाक समजत नाही तो खेळाडू मैदानावर एकटा पडतो. म्हणून हाका संघाच्याच.

घरात न येणाऱ्या गोष्टीही आज वहीत मांडून ठेवल्या आहेत. ओल्या गवतावर गुडघ्यांवरून घसरत आडोशामागे जाणे, आजूबाजूला गोळ्या आदळत असताना बाहेर डोकावण्याचे धैर्य, आणि आपल्या गोळ्या प्रत्यक्षात किती खाली वाकतात ह्याचा डोळ्यांना होणारा अंदाज, हे मैदानावरच शिकावे लागेल. बर्फ वितळून मैदान उघडले की पहिल्या दिवशी डाव न खेळता नुसता ह्यांचाच सराव करायचा, असे दोघींचे ठरले आहे. त्याआधी टाकीची तपासणीची मुदत पाहून घ्यायची आहे, मास्कच्या काचेवर बारीक ओरखडा आला आहे तो बघता नवी काच मागवायची आहे, आणि मार्करच्या रबरी कड्यांना तेल द्यायचे आहे. मैदानावर वेग मोजून घेतल्याशिवाय पहिली गोळी झाडायची नाही, हेही लेकीने खाली स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे.