उणीव भासली नाही

आज तिसरा दिवस, तरी ते एक वाक्य मनातून जात नाही. माझे चुलते अण्णा यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी जे लिहिले, त्यातले शेवटून दुसरे वाक्य असे होते : 'त्यांच्या जाण्यानंतरही घरात कशाचीच उणीव भासली नाही.' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तुरीची आणि ज्वारीची पोती होती, फेडून टाकलेले सोसायटीचे कर्ज होते, नातीच्या शिक्षणासाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम होती. जाण्याआधी हा माणूस सगळ्यांची तरतूद करून गेला, एवढेच मला सांगायचे होते. काकूला मोबाईलवरची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून सकाळी नातवाने ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. दुपारी पंगती उठल्यावर मी हात धुवायला परसात गेलो, तेव्हा भांड्यांजवळ बसलेली काकू मान वर न करताच म्हणाली, "मंग बाबा, उणीव भासलीच न्हाई म्हन की कुनाला."

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तिथे एक शब्दही सुचला नाही. औशाहून लातूरला परतताना पूर्ण वाटेत मी स्वतःचीच कीव करत होतो. रात्री दोन तास जागून लिहिले, गटावरच्या सगळ्यांनी हात जोडले, दोघांनी तर फोन करून डोळ्यांत पाणी आल्याचे सांगितले, आणि जिच्यासाठी लिहिले तिलाच ते लागावे, हे माझ्याच वाट्याला का यावे, असे वाटत राहिले. धाकट्या भावाने गटावर काहीच लिहिले नव्हते. त्याचाही मला राग आला. तो का आला, ते आज लिहीत नाही.

न तपासता पाठवले असेही नाही. 26 वर्षे मुलांच्या वह्यांवर लाल शाई चालवलेला हात आहे. पाठवण्याआधी मी मजकूर दोनदा वाचला होता. 'विहीर' लिहिताना 'ही' दीर्घ आणि 'विहिरीवर' लिहिताना 'हि' ह्रस्व, हे पाहिले. 'दूर'चे 'दुरून' झाल्यावर उकार ऱ्हस्व झाला आहे ना, तेही पाहिले. साहित्य महामंडळाने 1962 साली केलेले आणि 1972 साली वाढवलेले शुद्धलेखनाचे नियम मला तोंडपाठ आहेत, आणि त्या नियमांनी पाहिले तर माझ्या मजकुरात एकही चूक नव्हती. ते वाक्यही शुद्ध आहे. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळे जागच्या जागी आहे. फक्त 'उणीव भासणे' हा शब्दप्रयोग मराठीत विशेषतः गेलेल्या माणसासाठी वापरतात, शोकसभेत पहिला वक्ता उठतो तो हेच म्हणत उठतो, आणि मी तो ज्वारीच्या पोत्यांसाठी वापरला. दोन्ही वेळा वाचताना मी माझ्याच डोळ्यांनी वाचत होतो आणि माझ्या मनात पोती होती, म्हणून मला पोतीच दिसली. एकदा जरी काकूच्या जागी बसून, तेही मोठ्याने, वाचले असते, तर 'नाही' या शब्दावर माझा आवाज अडखळला असता.

अण्णांनी हे केले नसते. ते चौथी शिकलेले, पण साधे पोस्टकार्ड लिहायचे तरी आधी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे कच्चे लिहून काढत. पोस्टकार्डावर जागा थोडी आणि खाडाखोड दिसते, म्हणून ते असे करतात, असे मी समजत होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसे विसर्जन करून उशिरा निजलेली. किल्लारीची बातमी आली आणि आपल्या गावाचे काय झाले ते मला कळेना. सोलापूरकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती अण्णांनी पोस्टकार्ड दिले, ते मला पोहोचले. त्यावर मायना नव्हता. पहिलेच वाक्य होते, 'सगळे सुखरूप आहेत.' दुसरे, 'घर पडले.' पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या ट्रंकेत मला ते कॅलेंडरचे पान सापडले. त्यावर आधी 'घर पडले' लिहिलेले होते, मग 'सगळे सुखरूप आहेत', आणि मग दोन्हींवर रेघ मारून क्रम उलटा केलेला होता. गावात मदतीला गेलेला, दोन रात्री न झोपलेला तो माणूस, दोन वाक्यांच्या मध्ये पुतण्याचा जीव किती टांगणीला लागेल याचा हिशोब करत बसला होता. मी मात्र दिव्याखाली, पंख्याखाली, पोटभर जेवून बसलो होतो.

रोज पहाटे ते ज्ञानेश्वरी वाचत. संत एकनाथांनी पैठणला शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नकलाकारांच्या हातून शिरलेले चुकीचे पाठ काढून ती शुद्ध केली, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितले होते, आणि शेवटच्या ओव्यांत नाथ हे काम फार आदराने केल्याचे म्हणतात, तेही बोट ठेवून दाखवले होते. नाथांचे काम वेगळे होते. ते दुसऱ्यांच्या चुका काढत होते आणि मूळ शब्दाला धक्का लावायचा नाही, हे त्यांचे व्रत होते. तरी तो आदराचा शब्द मला काल रात्रभर आठवत राहिला. मी शुद्धलेखन तपासले ते मला कुणी चूक दाखवू नये म्हणून. त्यात काकू कुठेच नव्हती.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. ती 15 मिनिटे मी कुणाकुणाचे हात जोडलेले येतात ते पाहण्यात घालवली. सगळ्यांसाठी पुसून टाकणे त्यानंतरही शक्य होते, पण पुसल्याची खूण तिथे राहते, आणि तिच्या मनातले तर तसेही पुसले जाणार नव्हते.

आज संध्याकाळी कागद घेतला. पहिल्यांदा लिहिले, 'घराला काही कमी पडले नाही, कमी पडले ते अण्णाच.' वाचायला छान वाटले, म्हणूनच खोडले. ते वाक्य अण्णांसाठी नव्हते, वाहवा म्हणणाऱ्यांसाठी होते. मग आणखी चार-पाच लिहिली आणि खोडली. शेवटी राहिले ते असे : 'अण्णांनी मागे सगळी तरतूद करून ठेवली. त्यांची उणीव मात्र आम्हाला रोज भासते.' काकूला फोन लावला, चुकलो म्हणालो, आणि सगळा मजकूर पहिल्यापासून हळूहळू वाचून दाखवला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तरतूद कामून म्हनतो? कचेरीतल्यावानी वाटतंय. बेगमी म्हन." मी 'तरतूद' खोडून 'बेगमी' लिहिले. "अन् ते विहिरीचं बी नीट कर." मला वाटले वेलांटीत काही राहिले. "बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी एकट्यानं विहीर खांदली म्हनून लिवलंय तू. एकट्यानं न्हाई. ते खाली खांदायचे, माती म्या उपसली."

मी 'अण्णांनी एकट्याने' हे शब्द खोडले आणि वर 'अण्णांनी आणि काकूने' असे लिहिले.

"आता वाच बरं पैल्यापासून," ती म्हणाली.