नाव कमी, कारण परगावी

माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर चार तारखा चिकटवलेल्या आहेत. अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. अकरावी सायन्सला नवीन आलेली पोरं त्या वाचतात आणि इतिहासाच्या सनावळ्या समजून पुढं जातात. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे १८० प्रश्न कसे सोडवायचे ते सर लोक शिकवतात. माझा प्रश्न एकच असतो: तुमच्या प्रवर्गासमोर जी तारीख आहे तिच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी, जात लिहिलेला कागद आणा.

मी फलटण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक आहे. पोरं भाऊसाहेब म्हणतात. माझ्याकडं बाकी कामं पुष्कळ, पण जून ते सप्टेंबर मी व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा माणूस असतो. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, त्यावर पुष्कळांचं समाधान होतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हवी असेल तर तेवढ्यावर भागत नाही. जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. प्रवेशाच्या वेळी पुष्कळदा समितीकडं अर्ज केल्याची पोच चालते, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागा हातची जाते. म्हणून अर्ज अकरावीतच करायचा. कॉलेजच्या पत्रासह ऑनलाइन भरायचा, नमुना ३ आणि नमुना १७ ची प्रतिज्ञापत्रं करायची, वंशावळ जोडायची, मूळ कागद घेऊन साताऱ्याला जायचं. ऐकायला सोपं आहे.

हे मी पूर्वी नोटीस बोर्डावर लावून मोकळा व्हायचो. एका वर्षी एक पोरगा बारावीच्या निकालानंतर धावत आला. गुण चांगले, जागा मिळालेली, अर्ज मात्र त्याच आठवड्यात केलेला. समितीनं त्रुटी काढली, पणजोबांच्या नावातला एक कागद मागितला. तो मिळेपर्यंत मुदत संपली आणि खुल्या प्रवर्गाची फी भरण्याची घरची ऐपत नव्हती. त्याचा बाप मला काहीच बोलला नाही. 'बोर्डावर लावलं होतं की' हे वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं, आणि त्या वर्षापासून अकरावीच्या पहिल्या आठवड्यात वर्गावर जाऊन बोलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात असंच बोलून आलो तर मधल्या सुट्टीत एक पोरगी खिडकीशी उभी. धनगर, म्हणजे भटक्या जमाती क, साडेतीन टक्क्यांतली. आत्याकडं राहून शिकते. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला जायचंय म्हणाली. नीट द्यायची, पण एमबीबीएससाठी नाही. मेंढरं मरताना बघितलीत म्हणाली, आणि विषय तिथंच थांबवला.

कागदांचं विचारलं. वडिलांचा शाळेचा दाखला १९७९ चा, म्हणजे अठरा वर्षं उशिराचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. वडिलांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला खेटे घालून कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, आजोबांच्या जन्माची नोंद शोधून पाहिली होती; पानं मोडी लिपीत, आणि नेमक्या त्या सालांचं बाड जागेवर नाही. वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाड, दिवाळीपर्यंतच गावात असतो, हे तिनं जाता जाता सांगितलं. दिवाळी झाली की बाप आणि आज्जा मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात. परत पावसाच्या तोंडाला. म्हणजे सह्या, अंगठे, साक्षीदार, जे काही करायचं ते अडीच महिन्यांत. नाहीतर थेट पुढचा जून, आणि तोवर पोरगी बारावीत.

पुढच्या शनिवारी मी तिच्या गावी गेलो. ही माझी ड्यूटी नाही, प्राचार्यांनाही सांगितलं नव्हतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापक बाई ओळखीच्या. त्यांनी कपाट उघडून ठेवलं होतं. पोरगीचा बाप बाहेर उभा, आणि आज्जा व्हरांड्यात पायरीवर बसलेले. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं.

आधी चुलत घराण्यातला कुणी शाळेत होता का ते बघायचं ठरलं. जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळाप्रवेशाच्या नोंदवह्या, काढली. सगळ्यात जुन्यावर फलटण संस्थानाचा शिक्का. संस्थान १९४८ ला विलीन झालं, पण वही कोरी शिल्लक होती म्हणून पुढं तशीच वापरलेली. कडा वाळवीनं खाल्लेल्या. अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून. ही गंमत महाराष्ट्रभर सापडते. तारीख माहीत नसली की गुरुजी जूनची पहिली टाकून मोकळे व्हायचे. दोन तास आम्ही दोघं पानं उलटत होतो. भावकीचं आडनाव १९६४ च्या आत एकदाही नाही.

चहा आला. मी व्हरांड्यात येऊन आज्जांशेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तेव्हा शाळा कुठं भरायची?

"मारुतीच्या देवळात. ही इमारत तवा कुठली?" म्हातारबाबा म्हणाले. "खांबाला टेकून बसलं की गुरुजी छडी हाणायचा. म्होरच्या रांगंत बामणाची, वाण्याची पोरं. आम्ही पार मागं, नगाऱ्यापाशी."

मी कप खाली ठेवला. "आम्ही म्हणजे?"

"आवं, तसं न्हवं. शाळा न्हाई शिकलो मी. गुरुजीनं धरून न्येलतं. धुळीत चार अक्षरं काढली आसतील. दिवाळी झाली, बानं वाडा हलवला, संपलं. त्याला काय शाळा म्हणायची व्हय भाऊसाब?"

मी आत गेलो. या वेळी आडनाव शोधलं नाही. बाईंना म्हटलं, १९५२ ते ५५ काढा, आणि फक्त मुलाचं नि बापाचं नाव बघा.

१९५४ च्या जूनमध्ये सापडलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आणि आडनावाच्या जागी 'धनगर'. जातीच्या रकान्यात पुन्हा 'हिंदू धनगर'. जन्म, अर्थातच, १ जून १९४७. इयत्ता पहिली. वर्तणूक चांगली. नोव्हेंबर १९५४ ला नाव कमी, कारण 'परगावी'. निळी शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर असं वळणदार की आजच्या कुठल्या दाखल्यावर दिसणार नाही.

बाईंनी दोनदा वाचलं. पोरगी मात्र पानाकडं बघत नव्हती. ती आज्जांकडं बघत होती, जरा रागानंच. दोन वर्षं बाप तहसीलला खेटे घालत होता आणि म्हाताऱ्यानं शब्द काढला नव्हता. "कुणी इच्यारलं?" ते म्हणाले. खरंच होतं. सगळ्यांनी 'शाळा शिकलात का' असं विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे 'न्हाई' असं दिलं होतं.

काम इथं संपलं नव्हतं. आडनाव जुळत नाही म्हटल्यावर समिती विचारणारच, की हाच तो मुलगा कशावरून? बापाचं नाव, गाव, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांच्या १९७९ च्या दाखल्यातली आजोबांच्या नावाची नोंद, सगळं एका साखळीत बसवावं लागलं. बाईंनी रजिस्टरच्या त्या पानाचा सही-शिक्क्याचा उतारा दिला. साताऱ्याला तीन फेऱ्या झाल्या. एकदा त्रुटी निघाली: मूळ रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांनी स्वतः यावं. बाईंनी रजा टाकली, वही फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि एसटीनं गेल्या. असल्या माणसांचं नाव कुठल्या माहितीपुस्तिकेत येत नाही.

आज्जांचा अंगठा दिवाळीच्या पाच दिवस आधी उमटला. अंगठा द्या म्हटल्यावर त्यांनी हात मागं घेतला आणि पेन मागितला. पहिलं अक्षर काढलं, दुसऱ्यापाशी अडले, बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग निमूट अंगठा पुढं केला.

वैधता प्रमाणपत्र फेब्रुवारीत आलं. पोरगीचा नीटचा पहिला प्रयत्न थोडक्यात हुकला, आता दुसऱ्यांदा बसतेय. आत्याकडंच राहते, नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्नमर्यादेचं प्रमाणपत्र, संपलं की आठवणीनं नवीन काढून आणते. तिच्या चुलत भावाचा अर्ज यंदा गेला. तिचं प्रमाणपत्र जोडल्यामुळं त्याला माझ्या टेबलावर जेमतेम एक सकाळ लागली.

प्रमाणपत्र आलं तेव्हा वाडा कोकणात होता. निरोप दिला, आणि संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं मेंढरांचा गलका.

"भाऊसाब, पोरीचा कागद झाला म्हणं."

"झाला आज्जा."

"बरं झालं." थोडा वेळ नुसतीच मेंढरं ऐकू आली. "मंग माझा बी शाळेचा दाखला द्या की काढून. हितं कुणी खरं मानंना."