स्तोत्र ८८ रविवारी कधी वाचायचं?

रविवार, रात्री

शहरातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) तरुणांच्या उपासनेचा आता एक ठरलेला साचा झालाय. आधी वीस-पंचवीस मिनिटं गीतं, त्यातली पहिली दोन टाळ्यांची, नंतरची दोन संथ. मग साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), अर्पण, उपदेश, आशीर्वाद. गीतं चांगली आहेत, गाणारी मुलं मनापासून गातात. पण ज्याचे वडील अतिदक्षता विभागात आहेत, जिचं लग्न वर्षाच्या आत मोडलं, त्यांना या दीड तासात स्वतःच्या तोंडची म्हणता येईल अशी एकही ओळ सापडत नाही. ती माणसं उभी राहतात, स्लाइडवरचे शब्द वाचतात आणि घरी जातात. हे मला फार लागतं, कारण शास्त्राने त्यांच्यासाठी ओळी लिहून ठेवल्यात.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं. त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. कोणी एकट्याने केलेला विलाप, जसं ६, १३, २२, ४२, ८८. कोणी सगळ्या लोकांनी मिळून केलेला, जसं ४४, ७४, ७९, ८०. इतका मोठा भाग आपण रविवारी जवळजवळ उघडतच नाही.

सोमवार

स्तोत्र १३ घेऊन बसलं की विलापाची सगळी बांधणी हाताला लागते. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो, आणि त्याचा रोख दर वेळी थोडा सरकतो: देव मला विसरलाय, देवाने तोंड लपवलंय, माझ्या जिवात दिवसभर घोर आहे, माझा वैरी वर चढलाय. म्हणजे तक्रार आधी देवाबद्दल, मग स्वतःच्या अवस्थेबद्दल, मग माणसांबद्दल. आपण नेमकं उलट करतो. माणसांबद्दल भरपूर बोलतो, स्वतःबद्दल थोडं, देवाबद्दल मुळीच नाही. ते पाप वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना तेज दे, नाहीतर मी मरेन. मग पाचव्यात ‘पण मी’ म्हणून भरवसा आणि सहाव्यात गाण्याचं वचन. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मधे बाहेरचं काहीही बदललेलं नाही. वैरी आहे तिथेच आहे. म्हणूनच पाचव्या वचनाला वजन आहे. पहिली चार गाळून थेट पाचव्यापासून गायला लागलो तर तो भरवसा उधारीचा होतो.

हाक, तक्रार, मागणी, भरवसा, स्तुतीचं वचन. पाच भाग. बहुतेक विलाप-स्तोत्रांत हे कमी-जास्त प्रमाणात सापडतात. स्तोत्र ८८ मात्र शेवटच्या दोन भागांपर्यंत पोचतच नाही. अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. संग्रह करणाऱ्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही. ज्यांच्या आयुष्यात पाचवं वचन अजून आलेलंच नाही, त्यांच्या प्रार्थनेलाही पवित्र शास्त्रात जागा आहे, एवढं त्यातून मला कळतं.

मंगळवार

बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाचे पाच अध्याय. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा प्रत्येकी २२ वचनांचा, तिसरा ६६ वचनांचा. एकूण १५४. त्यातली भिंतीवर, कॅलेंडरवर आणि गीतांत येतात ती दोन, ३:२२-२३, दया रोज सकाळी नवी होते ती. ती अमोल आहेतच. पण त्यांच्या आजूबाजूला यरुशलेम जळालंय, लेकरं भुकेने रस्त्यावर कोसळताहेत, आणि पुस्तक संपतं ते ‘तू आमचा अगदीच त्याग केलास काय’ अशा सुरावर.

यिर्मया २९:११ चंही तेच, देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत असं सांगणारं. नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी एकमेकांना पाठवायचं वचन झालंय ते. त्याच्या आदल्याच वचनात बाबेलातल्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दोन वर्षांत परत नेण्याची ग्वाही देत होता, आणि यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिलं की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा. ते पत्र ऐकणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशा होती, पण ती नातवंडांच्या वाट्याची. तरुणांना हे सांगायला हवं, नाहीतर मुलाखत फसल्यावर मुलगा देवालाच खोटं ठरवतो.

बुधवार, उशिरा

हे सगळं गळून का गेलं? मला वाटतं, मुख्य कारण वाचनाची निवड माणसाच्या हाती आली हे आहे. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलीत. १३ वं येतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. २२ वं आणि २३ वं चौथ्या दिवशी संध्याकाळी एकापाठोपाठ, म्हणजे ‘तू माझा त्याग का केलास’ आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एकाच बैठकीत. ८८ वं सतराव्या दिवशी सकाळी. मन असो नसो, ते येतंच. कॅथलिक प्रहरप्रार्थनेत (दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थनांत) दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी हेच ८८ वं स्तोत्र म्हणतात. आमच्यातल्या ज्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या किंवा नव्या स्वतंत्र आहेत, तिथे शास्त्रपाठ उपदेशकाच्या विषयावरून ठरतो आणि गीतं वर्शिप टीमच्या सरावावरून. निवड आली की अवघड ते आधी गळतं. कोणाचा वाईट हेतू नसतो.

आणि मराठी माणसाला देवाशी भांडणं परकं थोडंच आहे? नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाला काय काय बोललेत! नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतः मानत. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये त्या स्वतः. या बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. विलापाचा एकेक शब्द त्यांच्या हाताखालून गेलाय. आपण त्यांचा वारसा सांगतो आणि उपासनेत फक्त टाळ्यांची गीतं ठेवतो, हे मला पटत नाही.

शुक्रवार

तर करायचं काय? मला सुचतं ते लिहून ठेवते.

महिन्यातून एका रविवारी, कबुलीच्या प्रार्थनेनंतर आणि शास्त्रपाठाच्या आधी, एक विलाप-स्तोत्र पूर्ण वाचावं. सुरुवात १३ ने करावी. सावकाश वाचलं तरी दीड-दोन मिनिटांत होतं. वाचन आलटून पालटून: अर्धं वचन वाचणाऱ्याने, अर्धं मंडळीने, मधे एक श्वास. पेटी आणि तबला थांबलेले हवेत. मागे कीबोर्डचा सूर धरला की लोकांचं लक्ष भावनेकडे जातं, शब्दांकडे नाही. संपल्यावर एक मिनिट पूर्ण शांतता. एक मिनिट सांगितलं की वाचणारा वीस सेकंदांत घाबरून बोलायला लागतो, म्हणून घड्याळ समोर ठेवावं.

बिघडतं ते बहुधा यानंतर. वाचणारा लगेच समजवायला लागतो, ‘पण आपण निराश व्हायचं नाही’. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून बसले. दुसरी चूक म्हणजे लगेच जलद गीत. त्याऐवजी संथ चालीतलं एखादं जुनं भजन घ्यावं, तेही दोनच कडवी.

तिसरी चूक जास्त खोल आहे: विलाप आणि पापाची कबुली एकच समजणं. ५१ वं स्तोत्र पश्चात्तापाचं आहे, ४४ वं नाही. ४४ व्यात लोक स्पष्ट सांगतात की आम्ही तुला विसरलो नाही, तरी हे आमच्यावर आलं. आणि पुढे, ऊठ, झोपलास का? आजारपण विश्वास कमी पडल्यामुळे येतं, असं शिकवणाऱ्यांना हे स्तोत्र सरळ उत्तर देतं. कर्करोगाच्या रुग्णाला पाप कबूल करायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो देवाच्या नावाने होतो म्हणून अधिकच.

वैऱ्याला दिलेल्या शापाची वचनं (१०९ वं, १३७ व्याचा शेवट) गुपचूप कापू नयेत. वाचण्याआधी दोन वाक्यांत सांगावं की ही माणसं सूड स्वतः घेत नाहीत, देवाच्या हवाली करतात. रोम १२:१९ हेच सांगतं. लहान मुलं असतील त्या दिवशी दुसरं स्तोत्र घ्यावं.

साक्षीच्या वेळेत आपल्याकडे संपलेल्या गोष्टीच चालतात: आजार बरा झाला, व्हिसा मिळाला, मूल झालं. अजून काही न मिळालेल्याने उठून ‘मी वाट बघतेय, माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणावं आणि बसावं, ही मुभा पाळकांनी व्यासपीठावरून उघड द्यायला हवी. त्या व्यक्तीने आपणहून सांगितलं तरच नाव घ्यावं. घरसभेत कळलेलं दुःख परवानगीवाचून मंडळीपुढे मांडलं की ते घर पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

शनिवार

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर होणाऱ्या उपासनेत चौथा उद्गार ज्याच्याकडे येतो, त्याच्यावर मोठी जबाबदारी असते. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ चं पहिलं वचन. बरेच उपदेशक लगेच त्या स्तोत्राच्या विजयी शेवटाकडे पळतात. पण मार्काने येशूच्या तोंडी पहिलं वचनच ठेवलंय, ‘एलोई, एलोई’ म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा’; आणि नंतर फक्त एक मोठी आरोळी. इब्री ५:७ म्हणतं की त्याने मोठा आक्रोश करीत आणि अश्रू गाळीत प्रार्थना केल्या. ख्रिस्तशास्त्राच्या, म्हणजे ख्रिस्त कोण याच्या, सगळ्या चर्चेत मला हे सर्वांत जवळचं वाटतं: ज्याची आपण उपासना करतो, तो स्वतः विलाप-स्तोत्र म्हणत मेला. त्यामुळे चौथ्या उद्गारासाठी मिळालेल्या पंधरा मिनिटांतली निदान पाच मिनिटं स्तोत्र २२ ची पहिली २१ वचनं नुसती वाचण्यासाठी ठेवावीत, एका आवाजात, स्पष्टीकरणाशिवाय. वाचणाऱ्याला कागद एक आठवडा आधी द्यावा आणि तोवर रोज मोठ्याने वाचायला सांगावं.