लॅम्ब्टनच्या मागावर : टप्पा दुसरा, चेन्नई ते तंजावर

निघण्याआधी गावच्या शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करून पाहिला. तीस मीटरची पोलादी टेप घेतली, दोन खिळे ठोकले आणि तेच अंतर पहाटे एकदा, भर दुपारी एकदा मोजलं. दुपारी जवळजवळ सात मिलिमीटर कमी भरलं. टेप तापून लांबली होती. त्रिकोणांचं जाळं विणत भारताची मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपासून पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत आधाररेषा, म्हणजे जिच्या लांबीवर पुढचे सगळे त्रिकोण बेतायचे ती पहिली रेषा, मोजायला घेतली, ती ऐन उन्हाळ्यात. साखळी शंभर फुटांची, रेषा साडेसात मैलांची, म्हणजे साखळी चारशे वेळा टाकायची. माझे सात मिलिमीटर चारशेने गुणले की पावणेतीन मीटर होतात! म्हणून तर त्याने साखळी तिवयांवरच्या लाकडी पन्हळीत ठेवली, शेजारी तापमापक लावले आणि सत्तावन्न दिवस खर्ची घातले. हे वाचून ठाऊक होतं, पण पटलं त्या मैदानावर.

माउंटच्या पायऱ्या सकाळी सातला चढलो. दक्षिणेकडे नुसत्या इमारती. होकायंत्र धरून तासभर शोधूनही पेरुंबाक्कमची टेकडी खात्रीने ओळखता आली नाही. पुढच्या वेळी पाऊस पडून गेल्यावर, हवा धुतलेली असताना जायचं. तुम्हीही उन्हाळ्यात जाऊ नका.

तंजावरला मात्र पाय निघेना. कावेरीच्या खोऱ्यात टेकड्या नाहीत, सगळी भातशेती. दूरवर नजर पोचवायची तर देवळाचं शिखर गाठणंच भाग होतं. 1808 मध्ये अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे दूरच्या खुणांमधले कोन मोजायचं यंत्र, बृहदीश्वर मंदिराच्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. अंश कोरलेलं मोठं वर्तुळ वाकलं. लॅम्ब्टन सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते केसाकेसाने ओढत पुन्हा गोल करत बसला. त्याच्या सगळ्या कामात मला हे सहा आठवडे सर्वांत मोठे वाटतात. तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्या पुढे होतं.

त्याच आवारात सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. यंत्र आदळलं तेव्हा ती अक्षरं जेमतेम पाच वर्षांची होती. एक ओळ बोट फिरवत वाचली, मग मान वर करून शिखराकडे पाहत राहिलो. दोर नेमका कुठून टाकला असेल?

आता बंगळूर. पहिली रेषा पडताळायला 1804 मध्ये तिथे दुसरी मोजली गेली होती. शेवटचा मुक्काम हिंगणघाट. हैदराबादहून नागपूरला जाताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्ब्टन तिथेच वारला. त्याच्या थडग्यापाशी मी याआधी दोनदा गेलोय. तिसऱ्यांदा जाईन तो दक्षिणेकडून, त्याच्याच दिशेने.