१०२ की १०३?

आजचा अख्खा रविवार एका मसुराएवढ्या कपॅसिटरने खाल्ला.

भाची डिप्लोमाला आहे. फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनचं (एफएम, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची फ्रिक्वेन्सी बदलणारं) सोपं सर्किट हवं म्हणून सकाळीच नौपाड्यात आमच्याकडे ब्रेडबोर्ड (सोल्डरशिवाय सर्किट जोडायची पाटी) मांडून बसली. "मामा, ५५५ च घेऊ ना?" म्हणजे लहरी तयार करणारी टायमर चिप. घे म्हटलं.

हिशोब झकास जमला. १ आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे साधारण ६८ किलोहर्ट्झ. कानाला ऐकूच यायला नको. पिझो बझर लावला तर किंऽऽऽ! स्वयंपाकघरातून विचारणा झाली, काय कोकलतंय?

शेवटी चष्मा पुसून बघितलं. कपॅसिटरवर १०३. म्हणजे दहावर तीन शून्यं, १०,००० पिकोफॅरड. दसपट मोठा! आम्हाला हवा होता १०२. (पुडी मीच आणलेली, हे तिला सांगितलं नाही.)

मग आवाज. मोबाइलमधलं गाणं ५५५ च्या पाच नंबरच्या पिनला (तिथल्या व्होल्टेजप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलते) ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून दिलं. दुसरीकडे ५६५ (एफएममधून आवाज परत काढणारी चिप) लावून ऐकलं तर डग्गा गायब, सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. ५५५ च्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर असतात, त्यामुळे पिनचा रोध साधारण ३.३ किलोओहम. एवढ्याशा कपॅसिटरने ४.८ किलोहर्ट्झखालचं सगळंच दाबलं. त्या जागी १० मायक्रोफॅरड लावला, प्लस टोक पिनकडे.

डग्गा वाजला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. "मामा, रिपोर्टमध्ये १०३ चं लिहू?"

लिही, पण माझं नाव नको.