उसण

जमिनीवर टिकली पडली होती. साधी, मरून रंगाची, पाकिटातली शेवटून दुसरी. ती उचलायला मी वाकले आणि तिथेच राहिले. कमरेत डाव्या बाजूला कुणीतरी आतून चिमटा लावून ठेवावा तसं झालं. वर येता येईना, खाली बसता येईना. पुरता श्वास घ्यावा तर तोही कमरेपाशी जाऊन अडे. ड्रेसिंग टेबलाची कड धरून मी काटकोनात उभी होते आणि समोरच्या आरशात मला फक्त माझा भांग दिसत होता.

सांगायची लाज वाटते, पण मी फिजिओथेरपिस्ट आहे. साताऱ्यात माझं छोटंसं क्लिनिक आहे आणि तिथल्या भिंतीवर वजन कसं उचलावं याचं रंगीत चित्र लावलंय. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ धरा. टिकली कशी उचलावी ते त्यात दिलेलं नाही.

आमच्या पुस्तकात या दुखण्याचं नाव ‘ॲक्यूट नॉन-स्पेसिफिक लो बॅक पेन’ असं आहे. नॉन-स्पेसिफिक म्हणजे दुखतंय हे नक्की, पण नेमकं काय दुखतंय त्यावर बोट ठेवता येत नाही. एवढंच कबूल करायला इतकं लांबलचक नाव घेण्यापेक्षा उसण बरी. तिचं क्रियापदही किती चपखल आहे. ताप येतो, खोकला होतो, उसण मात्र भरते. आणि भरलेली उसण उतरते, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं आहे. पेशंटच्या तोंडचे बाकीचे शब्द इतके दिलदार नसतात. ‘मणक्यात गॅप’ पडली की ती पडलेलीच राहते, ‘गादी सरकली’ की जन्मभर सरकलेलीच, आणि गुडघ्यातलं ‘वंगण संपलं’ म्हटल्यावर तर गाडी भंगारातच काढायची. उसण पाहुणी असते. येते, छळते, जाते.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या बुधवारी सकाळी मी फक्त “आई गं” एवढंच म्हणत होते. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, मला नखशिखांत न्याहाळलं, म्हणजे तेव्हा माझं नख आणि शीख फार लांब नव्हतेच, आणि म्हणाल्या, “उसण भरलीय. पायाळू माणूस बघायला पाहिजे.”

नव्या पिढीसाठी सांगते. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. अशा माणसानं दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते. काही ठिकाणी नुसता पाय लावतात, काही ठिकाणी चक्क लाथ मारतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि धन दिसतं, आणि वीज त्याच्यावर पडते, म्हणून पावसात त्यानं झाडाखाली उभं राहू नये, असंही माझी आजी सांगायची. (यातला झाडाखाली उभं न राहण्याचा सल्ला सगळ्यांनाच लागू आहे.)

पण पायाळू माणसं आता दुर्मिळ होत चालली आहेत. पूर्ण दिवस भरलेल्या शंभरातल्या तीन-चार गर्भांचं डोकं बाळंतपणाच्या वेळी वरच असतं, हे प्रमाण काही बदललेलं नाही. बदलली ती बाळंतपणाची रीत. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास आला आणि त्यानंतर जगभरचे डॉक्टर उलट्या बाळासाठी सरळ सिझेरियनच करू लागले. आता पोट उघडून बाहेर काढलेल्या बाळाला पायाळू म्हणायचं की नाही? मी हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता. सासूबाईंनी त्याहून गंभीरपणे उत्तर दिलं, “नाही. दारातून आलेला पाहिजे.”

शोध लागला तो पलीकडच्या गल्लीत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका पायाळू निघाले. गंमत म्हणजे ते माझेच पेशंट, गुडघ्यासाठी येतात. सहा महिने येतायत, पण हे भांडवल त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. डेपोत ड्रायव्हर लोक उसण उतरवून घ्यायला त्यांच्यापाशी यायचे म्हणे, ड्यूटीवर जाण्याआधी, इंजिन सुरू ठेवून.

शनिवारी संध्याकाळी ते आले आणि दारातच घुटमळले. “मॅडम, तुम्हाला पाय कसा लावू?”

तोवर मी चौथ्या दिवसाला पोचले होते. वेदनाशामक गोळी घेत होते, दर अर्ध्या तासानं घरातल्या घरात फेरी मारत होते आणि “झोपून राहा की गं जरा” हे वाक्य ऐकत होते. झोपून राहायला मी तयार नव्हते, कारण ते खातं आमच्या शास्त्रानं कधीच बंद केलंय. पूर्वी कंबर धरली की फळीवर झोपवत, पायांना वजनं लावून ताणत, पंधरा-पंधरा दिवस उठू देत नसत. 1986 साली अमेरिकेत डॉक्टरांनी असे काही रुग्ण घेतले. निम्म्यांना दोन दिवस झोपायला सांगितलं, निम्म्यांना सात. बरं वाटण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. तेव्हा चालणं चालू होतं. पण दुखत होतं ते होतंच, आणि चार दिवस सासूबाईंना नाही म्हणण्याइतकी ताकद माझ्या कमरेत काय, जिभेतही उरली नव्हती.

“लावा काका,” मी म्हटलं.

त्यांनी मोरीत जाऊन डावा पाय धुतला, पंचानं कोरडा केला. मी भिंतीला हात टेकून पाठमोरी उभी राहिले. थंडगार टाच कमरेला हलकेच टेकली. आणि लगेच, चुकून पाय लागल्यावर आपण करतो तसं, त्यांनी माझ्या पाठीला बोटं लावून हात स्वतःच्या छातीशी नेला. असं तीनदा. तीनदा पाय, तीनदा नमस्कार. तिसऱ्या वेळी त्यांचा गुडघा कट्कन वाजला आणि ते पुटपुटले, “हा तुमच्याकडचा, मॅडम.” मला हसू फुटलं, हसल्यावर कमरेत चमक निघाली, चमक निघाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बघ, उतरायला लागली.”

सोमवारी मी वाकून स्वतःच्या चपलेचा पट्टा लावला.

आता यात शास्त्र काय ते मला ठाऊक आहे, आणि तीच माझी अडचण आहे. साधी उसण बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत ढिली पडते, काही आठवड्यांत जाते. माणूस उपाय शोधायला कधी बाहेर पडतो? दुखणं अगदी असह्य झाल्यावर. म्हणजे डोंगराच्या टोकावर. तिथून पुढे उतारच असतो. त्या उतारावर जो भेटेल, पायाळू, मालिशवाला, चुंबकाची गादी विकणारा किंवा मी, त्याला उतरवल्याचं श्रेय मिळतं. माझ्या निम्म्या धन्यवादांचा उगम हा आहे, हे मी कितीतरी वर्षं ओळखून आहे. दिवाळीत पेढे आणून देणाऱ्या पेशंटला मात्र तसं सांगवत नाही.

तरी त्या तीन स्पर्शांनी काहीच झालं नाही, असंही मी म्हणणार नाही. चार दिवस मी कंबर अशी आवळून धरली होती, जशी एसटीच्या गर्दीत पर्स धरतात. उसणीत मूळ दुखण्यापेक्षा ही राखणच जास्त दमवते. कुणी भरवशाच्या माणसानं तिथे हात लावला, पायही चालेल, की राखणदार जरा डुलकी घेतो. पोरगं पडलं की आई लागलेल्या जागी चोळते, फुंकर घालते. ते का उपयोगी पडतं याची एक मांडणी मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 साली केली. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत आधी पोचून वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद करतात, असं थोडक्यात तिचं म्हणणं. पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण माझं ‘करंट’चं मशीन अजून याच तत्त्वावर विकलं जातं. म्हणजे काकांची टाच आणि माझं मशीन हे लांबचे नातेवाईक लागतात. टाचेला वीज लागत नाही.

मशीनचं तर विचारूच नका. पेशंटला तपासलं, अर्धा तास समजावलं, तीन व्यायाम करून घेतले, तर बाहेर जाऊन तो म्हणतो, “मॅडमनी काही केलंच नाही, नुसते हातपाय हलवायला लावले.” तेच दहा मिनिटं लाल दिव्याखाली झोपवलं की “काय छान लाईट दिला!” सुरुवातीला मला राग यायचा. आता मी लाईट देते आणि तेवढ्या वेळात, तो पालथा पडून पळून जाऊ शकत नसताना, व्यायामाचं सांगून घेते.

घरगुती उपायांना मी सहसा आडकाठी करत नाही. तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी, निरगुडीचा पाला गरम करून बांधणं, तिळाचं तेल, सगळं चालतं. ऊब मिळते, आणि कुणीतरी शेजारी बसून शेकत असतं, हे तर आमच्या फीमध्ये बसतच नाही. बामचंही तसंच. 1893 साली मुंबईत अमृतांजन निघालं तेव्हापासून घराघरांत कंबर, डोकं, छाती यांना एकच बाटली पुरते. त्यातला मेंथॉल त्वचेला थंडीचा भास करून देतो आणि आपण म्हणतो, आत उतरलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासायला तर मी स्वतः बसते. वाटी काळी पडली की “बघा किती उष्णता निघाली” म्हणतात. तो काळेपणा धातूचा आणि तुपाचा असतो, पण त्या रात्री मला जी झोप लागते ती माझीच असते.

माझी भांडणं वेगळ्या ठिकाणी आहेत. बिब्बा घातलेली माणसं येतात. धोबी ज्याच्या तेलानं कपड्यांवर न पुसणारी खूण करायचे ते फळ कमरेवर लावल्यावर कातडी काय म्हणेल? उसण दोन दिवसांत गेलेली असते, डाग वर्षभर राहतो. मधुमेहाच्या पेशंटनं बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावलेली असते आणि फोड आल्याचं त्याला पाहिल्यावर कळतं. आणि पट्टे! महिनोन्‌महिने कंबरपट्टा बांधून हिंडणारी माणसं आहेत. पट्टा सोडला तर मणके गळून पडतील अशी त्यांची समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे पट्टे आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणणं, नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं सांगितलंय. मी हे सांगते तेव्हा पेशंट पट्टा सोडत नाही, मला सोडतो.

आणि एमआरआय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छातीशी धरून आणतात. त्यात ‘बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगल्याचा शेरा, लिहिलेला असतो आणि त्या दिवसापासून माणूस वाकायचं बंद करतो. 1994 साली एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या 98 लोकांचा एमआरआय काढला होता. मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले त्यात 36 टक्केच निघाले. पांढऱ्या केसांसारखं आहे ते. डोकं दुखलं म्हणून कुणी केस पांढरे झाल्याचं कारण देत नाही.

पण हे सगळं हलकंफुलकं बोलताना एक बाई डोळ्यांसमोर येतात. शेतमजुरी करणाऱ्या. उसण भरलीय म्हणून अडीच महिने शेक, तेल, पायाळू, सगळं झालं होतं. मला म्हणाल्या, रात्री जास्त दुखतं. आणि जाता जाता, जणू वेगळाच विषय म्हणून, संध्याकाळी अंग कसकसतं, साडीचं केळं आताशा मोठं येतं. म्हणजे त्या वाळत चालल्या होत्या. मी मशीनला हात लावला नाही, चिठ्ठी देऊन सरळ मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. औषधांनी बऱ्या झाल्या. पण ते अडीच महिने मला टोचतात. उपायानं अपाय झाला नव्हता, त्यानं फक्त वेळ खाल्ला होता. म्हणून ताप, उतरणारं वजन, झोपू न देणारं दुखणं, पडल्यानंतरची कळ, पायातली ताकद जाणं, असं काही कानावर आलं की माझ्या लेखी ती उसण नसते. लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर मी रिक्षा बोलावून हॉस्पिटलचंच नाव सांगते. तिथे विनोद नाही.

परवा क्लिनिकमध्ये साखर कारखान्यातला एक तरुण आला. वाकडा, एक हात कमरेवर, दुसरा भावाच्या खांद्यावर. नीट तपासलं, खोदून खोदून विचारलं. साधी, सरळ, निखळ उसण. त्याला सांगितलं, गादी सरकलेली नाही, एमआरआय नको, पट्टा नको, झोपून राहू नकोस, दर तासाला थोडं थोडं चाल. मशीन लावलं नाही. त्यानं लाल दिव्याकडे एकदा आशेनं बघितलं, मग भावाकडे, मग चाचरत म्हणाला, “मॅडम, आमच्या आळीत एक पायाळू म्हातारी आहे. जाऊ का?”

“किती लांब आहे?”

“असेल पाव किलोमीटर.”

“जा की,” मी म्हटलं. “पण गाडीवर बसून नको, चालत जा.”