द्राक्षं धुताना मी काय काय करून बघितलं

फेब्रुवारीत पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून दोन किलो द्राक्षं आणली, मण्यांवर पांढरट थर दिसला आणि माझ्या डोक्यात एकच, हे सगळं फवारणीचं औषध आणि माझी पाच वर्षांची पोर तर अख्खी वाटी संपवते. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात तासभर ठेवली, मणी मऊ पडले. मग व्हिनेगर, तर पोरीने पहिलाच मणी थुंकला. शेवटी भांड्यांचं लिक्विड हातात घेतलं तर सासूबाईंनी अडवलं, आणि बरंच झालं, फळाची साल साबण शोषून घेऊ शकते.

नारायणगावला मामाची बाग आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं तो पांढरा थर द्राक्षाचा स्वतःचाच असतो, मेणासारखा. भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांना फवारावं तर लागतंच, पण शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून माल काढला ते महत्त्वाचं. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात-फळात मुरणारं औषध आत गेलं की धुऊन निघत नाही."

हे ऐकून पोटात गोळाच आला. मग वाचत बसले. 2017 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झालाय, खायच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं एक औषध 80 टक्के आणि दुसरं 96 टक्के निघालं, उरलेलं सालीत मुरलेलं. द्राक्षाला हेच आकडे लागू होतील असं नाही, पण पद्धत मला पटली.

आता मी कात्रीने छोटे झुबके करते, देठ काढत नाही, आधी नळाखाली हाताने फिरवून धुते, मग एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम म्हणजे साधारण दोन छोटे चमचे सोडा (खायचाच, धुण्याचा नाही हं!), पंधरा मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाणी आणि चाळणीत निथळत. एका वेळी खाण्यापुरतीच धुते, एकदा सगळी धुऊन ओलीच फ्रिजमध्ये ठेवली तर तिसऱ्या दिवशी बुरशी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. इथे पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, एक्स्पोर्टच्या मालाची रेसिड्यू (उरलेल्या औषधाच्या अंशांची) तपासणी इतकी काटेकोर होते, 2010 ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपला माल अडकल्यावर तर अजूनच, आणि आपल्या पोरांच्या वाटीतल्या द्राक्षांना तेवढीच काळजी का नको? मी आता गाडीवाल्या दादांना दरवेळी विचारते, माल कुठला, कधी काढला. दोन गाडीवाल्यांपैकी एक तरी नीट सांगतो, त्याच्याकडूनच घेते.